वाऱ्यावर चालणारे घर कोठे बांधावे?

घराची जागा निवडताना वडीलधारी माणसे काय काय पाहतात ते तुम्ही ऐकले असेल. पाणी जवळ आहे का, जमीन मुरमाड आहे की काळी, पावसाचे पाणी कोठून वाहून जाईल, पश्चिमेकडची झड थेट अंगावर येईल का? या साऱ्यांत वाऱ्याचा विचार होतो तो बहुधा त्याला चुकवण्यासाठी. आता एक वेगळा प्रश्न घेऊ. एका घराला लागणारी वीज मुख्यतः वाऱ्यापासून मिळवायची आहे. आणि ते घर अशा प्रदेशात बांधायचे आहे की जेथील झाड, पाखरू, दगडावरची बुरशीसुद्धा सांभाळण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. अशा घराची जागा कशी ठरवायची?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. अभयारण्यातील वनरक्षकांच्या चौक्या, निसर्ग-अभ्यासाची केंद्रे, संशोधकांची निवासस्थाने ही सारी विजेच्या तारांपासून दूर असतात. तारा न्यायच्या तर जंगलातून पट्टा तोडावा लागतो. डिझेलवर जनित्र चालवायचे तर आवाज आणि धूर आलाच; शिवाय ते डिझेल वाहून आणावे लागते. १९८९ साली ‘बाहिया पाराइसो’ नावाचे अर्जेंटिनाचे जहाज अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापाशी खडकावर चढले आणि त्यातील सुमारे सहा लाख लिटर इंधन समुद्रात सांडले. किनाऱ्यावरचे पक्षी आणि शंखवर्गीय प्राणी यांना त्याची झळ पोहोचली. ज्या प्रदेशाला आपण जपू म्हणतो तेथे इंधनाचे पिंप नेणे हाच एक धोका आहे, हे त्या वेळी साऱ्या जगाला कळले.

अंटार्क्टिकाचे उदाहरण मी मुद्दाम घेतले. १९९१ साली माद्रिद येथे झालेल्या करारान्वये तो अख्खा खंड ‘शांतता आणि विज्ञान यांना वाहिलेले निसर्ग-राखीव क्षेत्र’ ठरला. हा करार १९९८ पासून अमलात आला. तेथे काही बांधायचे तर निसर्गावर काय परिणाम होईल याचा अभ्यास आधी करावा लागतो, आणि मोठे बांधकाम असेल तर त्याचा सविस्तर अहवाल करार करणाऱ्या इतर देशांपुढे ठेवावा लागतो. अशा ठिकाणी बेल्जियमने फेब्रुवारी २००९ मध्ये ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ नावाचे संशोधन-स्थानक सुरू केले. बांधतानाच त्याच्याजवळ नऊ छोट्या पवनचक्क्या उभारल्या होत्या. भिंतींवर आणि छपरावर सूर्यघट आहेत. डिझेलचे जनित्र आहे, पण ते अडीअडचणीपुरते. आपल्या प्रश्नाला इतके चपखल बसणारे दुसरे घर शोधून सापडणार नाही. म्हणून त्याची जागा कशी निवडली ते पाहू. पण त्याआधी थोडे गणित करणे भाग आहे.

घनाचा मोह

वाहत्या वाऱ्यात गतिज ऊर्जा असते. पवनचक्कीच्या पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ‘क्ष’ चौरस मीटर, वाऱ्याचा वेग सेकंदाला ‘व’ मीटर आणि हवेची घनता ‘घ’ मानू. एका सेकंदात त्या वर्तुळातून ‘व’ मीटर लांबीचा हवेचा दंडगोल पार होतो. त्याचे वस्तुमान घ × क्ष × व. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. म्हणजे दर सेकंदाला येणारी ऊर्जा, अर्थात शक्ती = ½ × घ × क्ष × व³.

वेगाचा एक ‘व’ वस्तुमानातून आला आणि दोन गतिज ऊर्जेतून. असा तो घन झाला. वर्गात मुले हे सूत्र पाठ करतात, पण तो घन कोठून आला हे विचारले की गप्प होतात. म्हणून येथे जरा थांबून सांगितले.

ही सगळी शक्ती चक्कीला मिळत नाही. सगळी काढून घेतली तर हवा चक्कीच्या मागेच थबकेल आणि पुढची हवा येणारच नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेत्झ यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की कोणत्याही चक्कीला जास्तीत जास्त १६/२७, म्हणजे शेकडा ५९ इतकाच वाटा काढता येतो. लहान चक्क्यांत घर्षण आणि जनित्रातील तूट धरता शेकडा २५ ते ३० हाती लागले तरी पुष्कळ झाले.

आता वेगाचा प्रताप पाहा. ५ चा घन १२५, ६ चा घन २१६. वारा ५ वरून ६ वर गेला, म्हणजे शेकडा २० वाढला, की शक्ती शेकडा ७३ वाढते. वारा दुप्पट झाला तर शक्ती आठपट. साहजिकच जागा शोधणारा माणूस टेकडीच्या माथ्याकडे, कड्याच्या टोकाकडे, खिंडीच्या तोंडाकडे ओढला जातो. या मोहाला आपण ‘घनाचा मोह’ म्हणू. तो खोटा नाही, पण आंधळा मात्र आहे.

आणखी एक गंमत. एका जागी वारा सतत ६ चा असतो. दुसऱ्या जागी निम्मा वेळ ३ चा आणि निम्मा वेळ ९ चा. सरासरी दोन्हीकडे ६ च. पण दुसऱ्या जागी घनांची सरासरी (२७ + ७२९) ÷ २ = ३७८ येते, पहिल्या जागी २१६. म्हणून नुसता सरासरी वेग विचारून भागत नाही. निदान एक वर्षभर, शक्य तर अधिक काळ, तासातासाचा वेग नोंदवावा लागतो. बेल्जियमच्या लोकांनी २००४ साली जागेची पाहणी केली तेव्हाच तेथे आपोआप नोंदी करणारी हवामानयंत्रे ठेवली. घर उभे राहण्यास आणखी चार वर्षे लागली. तोवर यंत्रे वाऱ्याची वही भरत होती.

घनता ‘घ’ हिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. उंचावर हवा विरळ असते, म्हणून डोंगरावर चक्कीला थोडे कमीच मिळते. पण थंडी घनता वाढवते. सूत्र सोपे आहे: कोरड्या हवेची घनता = दाब ÷ (२८७ × निरपेक्ष तापमान). बेल्जियमचे स्थानक समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे ८३,००० पास्कल आणि वर्षाचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सियस, म्हणजे २५५ केल्व्हिन. भागाकार करा, घनता १.१३ येते. आता सातारा जिल्ह्यातील सुमारे १,१५० मीटर उंचीचा एखादा सडा घ्या. दाब अंदाजे ८८,५०० पास्कल, तापमान २२ अंश, म्हणजे २९५ केल्व्हिन. घनता १.०५ च्या आसपास. म्हणजे अंटार्क्टिकातली जागा जास्त उंच असूनही तिची हवा जड!

सर्वांत जोराचा वारा का नको?

घनाचा मोह खरा मानला तर अंटार्क्टिकात जागा शोधण्याची गरजच नव्हती. डग्लस मॉसन यांच्या १९११ ते १९१४ च्या मोहिमेने केप डेनिसन येथे मुक्काम केला होता. तेथील वाऱ्याची वर्षाची सरासरीच ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे सेकंदाला वीस मीटरच्या घरात आहे. खंडाच्या मधल्या उंच पठारावरची हवा थंडीने जड होते आणि उतारावरून घसरत किनाऱ्याकडे कोसळते. हे उताराचे वारे तेथे जणू नरसाळ्यात सापडतात. २० ची ६ शी तुलना करा. शक्ती सदतीसपट! पण वाऱ्याचा भिंतीवरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, तोही अकरापट होतो. पाती तुटतात, खांब वाकतात, माणसाला दाराबाहेर उभे राहवत नाही. शिवाय फार जोराच्या वाऱ्यात चक्की स्वतःला आवरून घेते, म्हणजे ती वीज हाती लागतच नाही.

पवनचक्की म्हणजे एकदा उभारली की विसरून जाण्याची वस्तू नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या ‘मॉसन’ स्थानकावर (हे केप डेनिसनहून वेगळे ठिकाण) २००३ साली प्रत्येकी ३०० किलोवॅटच्या दोन चक्क्या बसवल्या. त्यांनी डिझेलची पुष्कळ बचत केली. पण २०१७ साली त्यांतील एका चक्कीचे वरचे डोके सुटून सुमारे ३० मीटर उंचीवरून खाली पडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. खांबाच्या उंचीइतक्या अंतरात राहती खोली किंवा रोजची वाट नसावी, हा नियम अशा घटनांमुळे पटतो.

बेल्जियमने मधला मार्ग काढला. क्वीन मॉड लँड या भागात किनाऱ्यापासून सुमारे २०० किलोमीटर आत सोर रोंडाने नावाची पर्वतरांग आहे. पठारावरून घसरत येणारे वारे या रांगेमुळे बरेचसे अडतात. रांगेच्या उत्तरेस थोड्या अंतरावर बर्फातून डोके वर काढणारा ग्रॅनाइट खडकाचा एक अरुंद, लांबट कणा आहे. त्याचे नाव उटस्टाइनेन. ती जागा डोंगराच्या आडोशाला आहे, पण निवाऱ्यात नाही. वारा भरपूर, मात्र राक्षसी नाही.

आता या कण्याची दिशा पाहा. तो दक्षिणोत्तर पसरलेला आहे आणि तेथे वारा बहुतेक पूर्वेकडून येतो. म्हणजे वारा कण्याला आडवा ओलांडतो. नळीचे तोंड बोटाने चिमटले की पाणी जोराने उडते. तसाच वारा कणा ओलांडताना वरच्या थरांखाली दाबला जातो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. शिवाय कण्यावर एका ओळीत चक्क्या उभ्या केल्या की एकीची सावली दुसरीवर पडत नाही. ‘सावली’ म्हणजे येथे वाऱ्याची सावली: पुढच्या चक्कीने दमवलेली, भोवऱ्यांनी ढवळलेली हवा. कणा वाऱ्याच्या दिशेने पसरलेला असता तर हे दोन्ही फायदे गेले असते.

आपल्याकडील कडे मात्र या बाबतीत फसवे आहेत. पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा पाहिला आहे का? खालून येणारा वारा उभ्या कड्यावर आदळून सरळ वर चढतो आणि पाण्याला परत माथ्यावर फेकतो. पाहणाऱ्याला वाटते, चक्कीला याहून उत्तम जागा कोणती! पण अशा धारदार काठावर हवेचा प्रवाह जमिनीपासून सुटतो. काठाच्या लगेच मागे भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो आणि तेथील हवा कधी पुढे, कधी मागे, कधी वर अशी हेलकावते. चक्कीला असा वारा मानवत नाही. पात्यांवर उलटसुलट ताण येऊन ती थकतात. गोलसर, सौम्य चढाची टेकडी चक्कीला कड्यापेक्षा बरी.

झाडे आणि इमारती यांच्या मागेही असेच भोवरे असतात. अडथळ्याची उंची जितकी, त्याच्या वीसपट अंतरापर्यंत मागची हवा ढवळलेली राहते आणि हा गढूळ पट्टा अडथळ्याच्या दुप्पट उंचीपर्यंत चढतो, असा ढोबळ नियम आहे. वीस मीटर उंच झाडांच्या रानात याचा अर्थ काय होतो पाहा. एक तर चक्कीसाठी झाडे तोडा, नाहीतर खांब झाडांच्या कितीतरी वर न्या, म्हणजे नेमक्या वटवाघळांच्या आणि पाखरांच्या वाटेत. माझे मत विचाराल तर दाट जंगलात वाऱ्यावरचे घर बांधण्याच्या भरीस पडूच नये. तेथे ओढ्याचे पाणी किंवा मोकळ्या छपरावरचे सूर्यघट हाच उपाय आहे.

बर्फाने गिळलेले घर

उटस्टाइनेनचा खडक निवडण्यामागे आणखी एक कारण होते आणि त्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. भारताचे अंटार्क्टिकातील पहिले स्थानक ‘दक्षिण गंगोत्री’. ते १९८३-८४ च्या मोहिमेत उभारले गेले आणि तेही समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर. काही वर्षांतच ते बर्फात गाडले जाऊ लागले आणि १९९० साली राहते स्थानक म्हणून त्याचा निरोप घ्यावा लागला. बेल्जियमच्या जुन्या ‘रोआ बोदुआँ’ तळाची, जो १९५८ साली अशाच तरंगत्या थरावर बांधला होता, तीच गत झाली.

असे का होते? वारा हिमकण उचलून नेतो. जितका वेग जास्त तितके कण अधिक. सपाट बर्फावर घर उभे केले की घरामागे वारा मंदावतो आणि पाठीवरचे ओझे तेथेच टाकतो. नदीच्या वळणावर आतल्या बाजूस वाळू साचते तसेच हे. वर्षानुवर्षे ढीग वाढत जातो. उलट, जेथे वारा वेग घेतो तेथे तो जमीन झाडून काढतो. कण्याचा माथा म्हणूनच उघडा राहिला आहे. बेल्जियमच्या अभियंत्यांनी घर खांबांवर उचलून घेतले, म्हणजे त्याच्या पोटाखालूनही वारा जोराने निघून जाईल. घराचा आकार त्यांनी वातविवरात, म्हणजे ज्या बोगद्यात पंख्यांनी कृत्रिम वारा निर्माण करतात त्यात, छोटी प्रतिकृती ठेवून पारखला होता. जो वारा वीज देतो तोच उंबरठाही झाडतो! भारतानेही पुढची स्थानके खडकावरच बांधली. ‘मैत्री’ १९८९ मध्ये शिर्माकर टेकड्यांच्या बर्फमुक्त पट्ट्यात आणि ‘भारती’ २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर.

खडक कोणाचा?

येथवर सारे गणित माणसाच्या बाजूने चालले. आता दुसरी बाजू. अंटार्क्टिकाचा किती भाग बर्फाबाहेर उघडा आहे? शेकडा अर्ध्याहूनही कमी. आणि या एवढ्याशा खडकावरच त्या खंडाची जवळजवळ सगळी वनस्पतिसृष्टी आहे: शेवाळी आणि शैवाक, म्हणजे आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचे भाऊबंद. त्यांची वाढ इतकी सावकाश असते की एका बुटाने घासले गेलेले पुन्हा भरून येण्यास माणसाचे आयुष्य पुरेल असे नाही. घरटी बांधणाऱ्या बऱ्याच पाखरांनाही बर्फ चालत नाही, खडकच लागतो. त्याच क्वीन मॉड लँडमध्ये, समुद्रापासून सुमारे २०० किलोमीटर आत, स्वार्टहामरेन नावाच्या डोंगराच्या उतारावर अंटार्क्टिक पेट्रेल पक्ष्यांची प्रचंड मोठी वसाहत आहे. हे पक्षी अन्नासाठी समुद्रावर जातात आणि पिलांसाठी एवढे अंतर उडून परत येतात. तो उतार आज खास संरक्षित आहे आणि परवान्याशिवाय तेथे पाऊल टाकता येत नाही.

म्हणजे कोंडी कशी आहे पाहा. घराला घट्ट, बर्फ न साचणारी, वारा खेळणारी जागा हवी. पाखरालाही तीच हवी. संरक्षित प्रदेशातील जागानिवडीचा खरा पेच हा आहे. घनाच्या नियमात पाखरासाठी अक्षर नाही. आलेख काढून, आकडे भरून सूत्र जी जागा दाखवील ती पुष्कळदा नेमकी दुसऱ्या कोणाची तरी असते.

हा पेच दूरच्या बर्फातलाच आहे असे मात्र समजू नका. साताऱ्याजवळ, कोयना अभयारण्याच्या शेजारी, चाळकेवाडीचे पठार आहे. वारा जोरदार, माती कातळावर वीतभर, झाडे तुरळक. तेथे मोठाल्या पवनचक्क्यांची रांग अनेक वर्षे उभी आहे. (ही एका घराची चक्की नव्हे, वीज विकणाऱ्या कारखान्यासारखी मोठी वसाहत आहे, हा फरक ध्यानात ठेवा.) त्याच कातळावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याला निळा-काळा-नारिंगी पंखा असतो आणि तो उघडून तो डौल दाखवतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याला नवी जात म्हणून नाव दिले ‘सरडा सुपर्बा’. होय, आपला मराठी ‘सरडा’ शब्दच शास्त्रीय नावात गेला आहे.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चक्क्यांखालचा भाग आणि त्याच पठाराचा चक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. आणि सरडे? ते मात्र तेथे जास्त होते! वरवर पाहता ही सरड्यांची चंगळ वाटेल. पण माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत. रक्तातील ताणाचे संप्रेरक कमी. गळ्याचे रंगही फिके. आभाळातील भीती गेली आणि जमिनीवरच्या प्राण्याचे वागणे-दिसणे बदलले. चक्कीने सरड्याला हातही लावला नव्हता. निसर्गातील धागे असे लांबवर गुंतलेले असतात, म्हणून ‘चक्कीने किती पक्षी मेले’ एवढेच मोजून परिणाम समजत नाही.

आता तुम्ही जागा निवडा

एक उदाहरण सोडवू. यातील आकडे मानलेले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. सह्याद्रीतील एका संरक्षित सड्यावर वनरक्षकाची चौकी बांधायची आहे. चक्कीचा व्यास २ मीटर, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. हवेची घनता १.०५. चक्की शेकडा २५ वाटा काढते असे धरू. जागा तीन. पहिली कड्याच्या काठाजवळ, वारा सरासरी ७ मीटर. दुसरी सड्याच्या मध्यावर, वारा ६. तिसरी जुन्या रस्त्याकडेची, पूर्वी मुरूम काढलेली उघडी जागा, वारा ५. (सोयीसाठी वारा सतत तेवढाच वाहतो असे मानू.)

½ × घ × क्ष = १.६५. पहिल्या जागी १.६५ × ३४३ × ०.२५ = १४१ वॅट, म्हणजे दिवसाला सुमारे ३,४०० वॅट-तास. दुसऱ्या जागी ८९ वॅट, दिवसाला सुमारे २,१००. तिसऱ्या जागी ५२ वॅट, दिवसाला सुमारे १,२४०. कड्याने रस्त्याकडेला जवळजवळ तिपटीने हरवले.

पण चौकीची गरज किती? नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास: १८० वॅट-तास. बिनतारी यंत्र आणि मोबाइल यांच्यासाठी १३०. तीस वॅटचा पंखा आठ तास: २४०. बेरीज ५५०. म्हणजे सर्वांत ‘वाईट’ जागाही गरजेच्या दुपटीहून अधिक देते! कड्यावर शाहीन ससाणा आणि गिधाडे घरटी करतात. सड्याच्या मध्यावर पावसाळ्यात पाणी साचून इवल्या फुलांचे गालिचे पसरतात, त्यांवर रोजची पायवाट पडली की ते गेले. रस्त्याकडेची जागा आधीच खरवडलेली आहे. तिपटीची वीज घेऊन आपण काय करणार होतो?

आता कोणी हुशार विद्यार्थी हात वर करील: ‘सर, सह्याद्रीत खरा वारा जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरमध्ये काय?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. समजा त्या महिन्यात तिसऱ्या जागी वारा ३ वर उतरला. घन अवघा २७. दिवसाला सुमारे २७० वॅट-तास मिळतील आणि पुष्कळ चक्क्या तर ३ च्या वाऱ्यात धड फिरतही नाहीत. त्याच प्रमाणात कड्यावर वारा ४.२ राहील आणि सुमारे ७३० वॅट-तास देईल. घनाचा मोह पुन्हा डोके वर काढतो! पण ऑक्टोबरात आभाळ निरभ्र असते. छपरावर १५० वॅटचा सूर्यघट बसवला आणि पाच तासांचे चांगले ऊन व पाऊण वाटा हाती येणे धरले, तर दिवसाला ५६० वॅट-तास मिळतात. ढगाळ महिन्यांत वारा, पडेल वाऱ्याच्या महिन्यांत ऊन. प्रिन्सेस एलिझाबेथमध्येही हीच जोडी आहे. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळत नाही, हिवाळ्यात उगवत नाही. तेव्हा यंत्रांसाठी चक्क्याच वीज पुरवतात. आणि त्या घराची गरजच मुळात कमी ठेवली आहे: भिंती अनेक थरांच्या, उष्णता कोंडून धरणाऱ्या, इतक्या की माणसे, उपकरणे आणि खिडकीतले ऊन यांची ऊब पुरते. वीज अपुरी असली की कोणते यंत्र आधी आणि कोणते नंतर चालवायचे हे तेथील नियंत्रक यंत्रणा ठरवते. गरज निम्मी करणे हे दुप्पट वाऱ्याची जागा शोधण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते.

शिक्षकांनी हे उदाहरण वर्गाच्या तीन गटांना वाटून द्यावे. एका गटाने कड्याची बाजू मांडावी, एकाने सड्याची, एकाने रस्त्याकडेची. त्याआधी शाळेच्या आवारात वाऱ्याच्या नोंदी घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या चार वाट्या आडव्या काड्यांच्या टोकांना बसवून फिरता वेगमापक सहज करता येतो. शांत दिवशी दुचाकीवर मागे बसून तो हातात धरा, गाडीचा वेग आणि मिनिटातील फेऱ्या लिहून घ्या, की त्याची मोजपट्टी तयार झाली. गाडी अर्थात मोठ्या माणसाने, रिकाम्या रस्त्यावर, हळू चालवायची. मग वेगमापक छपरावर, मैदानाच्या मध्यावर आणि इमारतीच्या मागे अशा तीन ठिकाणी ठेवून रोज ठरावीक वेळी फेऱ्या मोजा.

शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी. मोकळ्या जमिनीवर उंची दुप्पट केली की वाऱ्याचा वेग सुमारे १.१ पट होतो. तिसऱ्या जागेवरील चक्कीचा खांब १० मीटरऐवजी २० मीटर केला तर वीज किती पट होईल? आणि वाढवलेल्या दहा मीटरमध्ये त्या सड्यावर कोणकोणते पक्षी उडतात, हे शोधण्यासाठी तुम्ही कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी तेथे बसाल? पहिल्या भागाचे उत्तर सुमारे १.३३ पट. दुसऱ्या भागासाठी वही, दुर्बीण आणि एक वर्ष लागेल.